बाटलीभर वाफ

आमच्या साखर कारखान्यात बॉयलरघराच्या दारामागे एक काळा फळा आहे. त्यावर गाळप लिहीत नाहीत, वाफेचा दाबही लिहीत नाहीत. त्यावर आजवर आलेल्या पदवीधर ट्रेनींची नावं असतात आणि नावापुढे, त्यांना काय शोधायला पाठवलं आणि त्यात किती वेळ गेला ते. ‘काफवाफवा : डावखुरा पाना, चार तास.’ ‘मिस चिसाले : दाब गाळायची चाळणी, दीड दिवस.’ ‘न्यासुलू : अर्धा किलो पोकळी, स्टोअरला दोन फेऱ्या.’ हा फळा कधी पुसत नाहीत. खडू पुसट झाला की बांबो मालुंगा स्वतः अक्षरं गिरवतात.

मालुंगा बॉयलरघराचे फोरमन, आणि आमच्याकडे पुरुषाला मानानं बांबो म्हणतात, बाईला मायी. त्यांचे एकतीस हंगाम झाले होते आणि चेहरा असा होता की त्यावरून काहीच कळायचं नाही. या खेळाचे नियम दोनच होते. पाठवणाऱ्यानं हसायचं नाही. आणि सरळ चेहऱ्यानं सांगितलं, की ज्याला सांगितलं त्यानं जायचं.

आम्ही तिघं ट्रेनी एकाच दिवशी आलो होतो. अठरा महिन्यांची योजना, सगळ्या विभागांतून फिरायचं, शेवटी पाच जणांच्या समितीसमोर उभं राहायचं, आणि कायमची जागा एकच. तिसरा ट्रेनी चौथ्या महिन्यात लिलोंग्वेला, राजधानीतल्या एका संस्थेत गेला. तिथे गाडी होती आणि थंड हवेचं यंत्र होतं. उरलो लिंबानी चिपेता आणि मी, लुसुंगु म्सिस्का.

लिंबानी यंत्र अभियंता, ब्लँटायरचा. बैठकीत तो बोलायचा आणि मी वहीत लिहायचे. त्याचं नावही फळ्यावर होतं, ‘बॉयलरची जादा किल्ली, तीन तास’, पण ती फजिती तो स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगायचा, त्यामुळे तीसुद्धा त्याच्या कौतुकातच जमा झाली होती.

“बोलत जा गं जरा,” तो मला म्हणायचा. “समितीला तुझ्या वह्या ऐकू येणार नाहीत.”

जागा मिळाली नाही तर मला रुम्फीला परत जाऊन मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. काम वाईट नाही. पण त्या शाळेत प्रयोगशाळेचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असायची. मी तिथे सहा वर्षं शिकले. ते कपाट उघडलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

माझी बॉयलरघराची पाळी सगळ्यात शेवटी आली. ऑक्टोबरचे चार आठवडे, आणि मग समिती. पहिल्याच सोमवारी, आठच्या सुमारास, मालुंगांनी मला हाक मारली.

“मायी, लॅबमधून निरोप आलाय. काचालेसाहेबांना दोन नंबर बॉयलरची वाफ पाहिजे. एक बाटली.”

आजूबाजूची सहा माणसं एकदम कामात गढून गेली. भट्टीत चिपाड लोटणारा आपल्या फावड्याकडे असा बघायला लागला, जणू ते आजच हातात आलंय.

“किती मोठी बाटली?” मी विचारलं.

“लिटरची.”

“वाफ पाहिजे की वाफेचं पाणी?”

मालुंगांनी थोडा विचार केला. “वाफच. आणि झाकण घट्ट लावा. मागच्या खेपेला एकानं आणली ती वाटेतच उडून गेली.”

“मागणी कुणाच्या नावावर लिहू?”

“म्हणजे?”

“नमुन्याच्या चिठ्ठीवर मागणाऱ्याचं नाव लागतं. काचालेसाहेबांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मला सांगताय. म्हणजे तुमचं. इथे सही करा, बांबो.”

चेहरा सरळ ठेवायचा म्हटलं की सहीला नाही म्हणता येत नाही. त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली, तारखेसकट.

मला काय चाललंय ते कळत होतं. तो फळा लिंबानीनं मला पहिल्याच महिन्यात दाखवला होता. पण बाटलीभर वाफ ही डावखुऱ्या पान्यासारखी गोष्ट नाही. मोठ्या वीजकेंद्रांत ती रोज काढतात. आमच्या कारखान्यात कधी कुणी काढली नव्हती, एवढंच. मी स्टोअरमधून चार मीटर बारीक तांब्याची नळी घेतली, वाळू भरलेल्या डब्याभोवती तिचं वेटोळं केलं आणि ते गार पाण्याच्या बादलीत बुडवलं. मग फिटरला बोलावून दाब मोजणाऱ्या घड्याळाशेजारचा छोटा व्हॉल्व्ह केसभर उघडायला लावला. नळीच्या दुसऱ्या टोकातून थेंब पडायला लागले. पहिला अर्धा तास मी ते सोडून दिले, कारण नळी आतून धुतली जायला हवी. मग बाटली लावली.

तोवर चहाची वेळ झाली होती. सगळे हातात मंदासी घेऊन भोवती उभे राहिले. मंदासी म्हणजे आमच्याकडे चहाबरोबर खातात ते पिठाचे गोड तळलेले गोळे.

“वाफ कुठाय?” फावडेवाल्यानं विचारलं.

“ही काय.”

“हे तर पाणी आहे.”

“गार झालीये. तापवली की पुन्हा होईल.”

“होईल म्हणतायत,” त्यानं मागच्याला सांगितलं, आणि तो निरोप तसाच मागे मागे गेला.  माझ्या नावापुढे मालुंगांनी ‘वाफ, एक बाटली, अडीच तास’ असं लिहिलं आणि खडू हातात धरून फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. जी वस्तू शोधायला पाठवलं तीच घेऊन परत आलेलं माणूस कसं लिहायचं, याची त्यांच्याकडे सोय नव्हती.

खेळ इथे संपायला हवा होता. पण चिठ्ठीवर ‘लॅबसाठी’ लिहिलं होतं म्हणून मी बाटली लॅबमध्ये नेली. आता नेलीच आहे तर तपासावी, म्हणून तपासली. झाकण उघडल्यावर हलका, जळक्या काकवीसारखा वास आला. पाण्याचा सामू मोजला. चांगल्या वाफेच्या पाण्याचा सामू नऊच्या जवळपास असावा. हवेतल्या वायूनं थोडा उतरतो. हा पाच पूर्णांक दोन होता. मी उपकरण पुन्हा जुळवून घेतलं आणि तीनदा मोजला.

वाफ आंबट होती.

याचा अर्थ सांगते. साखर कारखान्यात वाफेनं मोठमोठ्या भांड्यांत रस आटवतात. काम झाल्यावर त्या वाफेचं पाणी होतं आणि ते गरम पाणी पुन्हा बॉयलरला जातं. त्याला आम्ही परतीचं पाणी म्हणतो. त्यात रसाचा अंश गेला तर बॉयलरमध्ये साखर जळते, तिची आम्लं होतात आणि ती आतून पोलाद खातात. एक दिवस नळ्या फुटतात, आणि बॉयलरसमोर माणसं उभी असतात. म्हणून परतीच्या पाण्यात साखर आहे का, हे लॅब दर तासाला तपासते. पाण्यात एका द्रावणाचे दोन थेंब टाकायचे, परीक्षानळीच्या कडेनं सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. साखर असेल तर मधे जांभळं कडं उमटतं. नसेल तर रजिस्टरमध्ये लिहायचं : नाही.

काचालेसाहेब मुख्य केमिस्ट. चाळीस अंशांतही टाय लावणारे. ते बाटलीवरची चिठ्ठी वाचून हसले.

“तुम्हालाही पाठवलं तर अखेर.”

“हो सर. सर, ही आंबट आहे.”

“काय, वाफ?”

“हो. आणि तिला काकवीचा वास येतोय.”

“मिस म्सिस्का, काकवीचा वास माझ्या टायलाही येतो. घरी माझ्या उशीलाही येतो.” त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यासमोर सरकवलं. “बघा. दर तासाला. नाही, नाही, नाही. हे अक्षर कुणाचं?”

“माझं, सर.”

ते खरंच माझं होतं. लॅबच्या पाळीत मी चारशेच्या वर ‘नाही’ लिहिले होते.

“वजनकाट्यावरचे बांदावे माहीत आहेत ना?” काचालेसाहेबांनी आवाज उतरवला. “चांगला केमिस्ट होता. पाच हंगामांपूर्वी त्यानं ‘आहे’ लिहिलं. आठ तास कारखाना बंद. सगळं उघडून पाहिलं आणि निघालं काय, तर त्यानं बाटलीचं झाकण खिशात ठेवलं होतं आणि खिशात साखर होती. इथे कुणाच्या खिशात नसते? तेव्हापासून तो उसाचे ट्रक मोजतोय. समितीत मी आहे, मिस म्सिस्का. तुम्हाला वजनकाट्यावर बघायची माझी इच्छा नाही.”

ते हे मायेनं बोलत होते. त्यामुळे ते जास्त लागलं.

मी बाहेर आले. जिन्याखाली नमुने आणणारा माणूस नळावर उभा होता. आधी त्यानं नमुन्याची बाटली भरली, मग त्याच नळाखाली किटली धरली.

“हे काय करताय?”

“चहा,” तो म्हणाला. “घेणार?”

लॅबचा चहा पहिल्यापासून या नळाच्या पाण्याचा. पाणी उकळतंच येतं, नुसती पत्ती टाकायची. मीही तो महिनोनमहिने प्यायले होते. नळावर पांढऱ्या रंगात ‘नमुना’ लिहिलेलं होतं. मी पाइपावर नजर ठेवून चालायला लागले. पाइप जिन्याच्या बाजूनं वर गेला, भिंतीतून रस आटवायच्या विभागात शिरला, आणि तिथे मला एक जोड दिसला. बाकीच्या पाइपापेक्षा नवा. पाइप सगळ्या भांड्यांच्या परतीच्या पाण्याला जोडलेला असायला हवा होता. तो फक्त पहिल्या भांड्याला जोडलेला होता. पहिल्या भांड्याला बॉयलरची कोरी वाफ जाते, त्या वाफेच्या पाण्याशी रसाचा काही संबंध येत नाही. दुसऱ्या भांड्याला मात्र पहिल्यातल्या उकळत्या रसाची वाफ जाते. तिच्याबरोबर रसाचे थेंब आले, तर ते दुसऱ्याच्या पाण्यात सापडणार.

“हा जोड कुणी मारला?” मी मालुंगांना विचारलं.

“मीच.” ते खूश झाले. “छान झालाय ना? दोन हंगाम झाले. काचालेसाहेबांनी कामाची चिठ्ठी पाठवली होती, की चहाला काकवीचा वास येतो. म्हटलं, पहिल्या भांड्यावरून पाणी देऊ, ते सगळ्यात स्वच्छ. तेव्हापासून एक तक्रार नाही.”

“आणि लॅब नमुना कुठला घेते?”

“तो लॅबचा प्रश्न.”

मी परत जाऊन त्या चिठ्ठीची नक्कल शोधली. ‘चहास वास येतो. कृपया दुरुस्त करणे.’ खाली काचालेसाहेबांची सही. म्हणजे दोन हंगामांपूर्वी रस पाण्यात उतरायला लागला होता, आणि ते सगळ्यात आधी चहानं सांगितलं होतं. यांनी चहा दुरुस्त केला. आणि त्या दिवसापासून आम्ही सगळे, मीसुद्धा, दर तासाला अत्यंत काळजीपूर्वक चहाचं पाणी तपासत होतो.

जेवताना मी हे लिंबानीला सांगितलं. तो हातातला मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा घास तसाच धरून हसत राहिला. मग थांबला.

“कुणाला सांगितलंस?”

“अजून नाही.”

“मग चार आठवडे गप्प राहा. गप्प तर तू बसतेसच. काचाले समितीत आहेत. जागा घे आणि मग सांग.”

“आणि तोवर बॉयलर?”

“दोन हंगाम टिकला ना?”

“यंदा त्याला औषध दुप्पट लागतंय. आंबटपणा मारायचं. मालुंगांना वाटतंय औषधच भेसळीचं आलंय.”

लिंबानीनं घास खाली ठेवला. “तू म्हणजे ना, लुसुंगु,” तो म्हणाला, “बोलत नाहीस तेच बरं.”

मला असा नमुना हवा होता जो कुणाला खोटा म्हणता येणार नाही. माझ्या हातचा काढला असता तर माझ्या खिशावर खापर फुटलं असतं. विचार करून मी तीन वाजता बॉयलरघरात गेले आणि जितका सरळ चेहरा मला जमतो तितका केला. मला तो बऱ्यापैकी जमतो.

“बांबो मालुंगा, लॅबमधून निरोप आलाय.”

फावडं थांबलं.

“दुसऱ्या भांड्याचं परतीचं पाणी पाहिजे. एक बाटली. फोरमननं स्वतः काढलेलं. आधी साबणानं तीनदा हात धुवायचे, कोपरापर्यंत. खिसे उलटे करून दाखवायचे. आणि बाटलीचं झाकण दोन बोटांत, हवेत धरायचं.”

सहाच्या सहा माणसांनी मालुंगांकडे पाहिलं. मालुंगांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले नाही. नियम त्यांचेच होते.

“झाकण कुठल्या हातात, डाव्या की उजव्या?” त्यांनी विचारलं.

“डाव्या.”

ते गेले. त्यांनी खरोखर तीनदा हात धुतले. फिटर मोजत होता. खिसे उलटे केले तेव्हा त्यातून साखर सांडली, आणि सगळ्यांनी ती पाहिली. मग एखादी मिरवणूक निघावी तसे ते पुढे, झाकण हवेत, आणि मागे सगळं बॉयलरघर, असे जिना चढून दुसऱ्या भांड्याखालच्या नळाशी गेले. बाटली भरून त्यांनी स्वतः लॅबच्या टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. मी त्यांची काय गंमत करते ते बघायचं होतं त्यांना.

मी नवी परीक्षानळी घेतली. पाणी, दोन थेंब, मग कडेनं आम्ल. कडं उमटायला साधारण अर्धं मिनिट लागेल असं मला वाटलं होतं. ते तीन सेकंदांत उमटलं, आणि इतकं गडद की मागच्यांनाही दिसलं.

“छान रंग आहे,” मालुंगा म्हणाले. “आता?”

“आता काही नाही, बांबो. हे तुमच्या बॉयलरमध्ये जातंय.”

ते अजून हसायची वाट बघत होते. मग त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला, आणि त्यांचा चेहरा, ज्यावरून कधी काही कळायचं नाही, त्यावरून सगळं कळलं. एकतीस हंगामांत मालुंगांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. दुसऱ्या भांड्याचं पाणी गटाराकडे वळवायचा व्हॉल्व्ह चार माणसांचा आहे. तो त्यांनी एकट्यानं फिरवला.

काचालेसाहेब गोंधळ ऐकून बाहेर आले. नळीकडे बघून ते म्हणाले, “कुणी काढला नमुना?”

“मी,” मालुंगा धापा टाकत म्हणाले. “तीनदा हात धुऊन. साक्षीला सहा जण आहेत. आता म्हणा माझा हात गोड आहे.”

मी चहाच्या कामाची ती चिठ्ठी टेबलावर ठेवली. काचालेसाहेबांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि खुर्चीत बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी टाय सैल केला.

कारखाना बंद करावा लागला नाही. बॉयलरला नदीचं शुद्ध केलेलं पाणी दिलं आणि रविवारी साफसफाईसाठी सगळं थांबलं तेव्हा पहिलं भांडं उघडलं. लिंबानी त्या आठवड्यात त्याच विभागात होता, तो आत उतरला. भांड्याच्या डोक्यावर, रसाचे उडणारे थेंब अडवायला, एक जाड जाळी असते. तो काळा होऊन बाहेर आला.

“जाळीला भोक आहे,” त्यानं सांगितलं. “मी त्यातून पलीकडे जाऊन आलो. खांद्यांसकट.”

समितीच्या आदल्या दिवशी काचालेसाहेबांनी मला बोलावलं. “रस कुठून येत होता ते तुम्ही सांगालच,” ते टेबलावरची पेन्सिल सरळ करत म्हणाले. “चहा कुठून येत होता ते सांगण्याची फारशी गरज नाही.”

मी “बरं, सर” म्हटलं नाही. “नाही, सर”ही म्हटलं नाही. मला बोलायची सवय नाही, याचा असा उपयोग होतो.

समितीसमोर आधी लिंबानी उभा राहिला. रंगीत आलेख, चांगला कोट, दोन विनोद. दोन्हींना लोक हसले. मग माझी पाळी. फॅक्टरी मॅनेजर जेरेसाहेब मधे बसले होते आणि त्यांच्यासमोर माझ्या वाफेच्या बाटलीची चिठ्ठी होती. कोपऱ्यात एका खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून मालुंगा बसले होते.

“सुरुवात मी करतो,” जेरेसाहेब म्हणाले. “या सगळ्या प्रकरणाचा पहिला कागद हा आहे. बॉयलर दोन, वाफ, एक बाटली. मागणी करणार, मालुंगा. मी इंजिनियर आहे, पण वाफेचा नमुना घ्यावा हे मला कधी सुचलं नाही. बांबो, कंपनी या हंगामाचा गौरव तुम्हाला देणार आहे. फक्त सांगा, तुम्हाला शंका कशी आली?”

मालुंगांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या वहीकडे पाहिलं.

“बॉयलर बोलतो, साहेब,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं ऐकलं की कळतं.”

“वा. आणि वाफ बाटलीत भरली कशी?”

“वाफ,” मालुंगांनी खुर्चीत जागा बदलली. “वाफ बाटलीत, म्हणजे, साहेब, घाई करून चालत नाही. तिला आधी जरा शांत करावी लागते.”

“कशानं?”

मी तेव्हाच सांगू शकले असते. वेटोळं, बादली, गार पाणी. पण मी आणखी थोडी थांबले. फळ्यावरच्या सगळ्या नावांसाठी.

मालुंगा उभे राहिले. “मला माहीत नाही, साहेब,” ते म्हणाले. “मी गंमत केली होती. एकतीस वर्षं करतोय. अकरा ट्रेनींना पाठवलं, नसलेल्या वस्तू आणायला. दहा जण शोधत फिरले. ही घेऊन आली.”

 लिंबानीनं दारापाशी उभ्याउभ्या मान खाली घातली. तो हसत होता.

जेरेसाहेब माझ्याकडे वळले. “एकच प्रश्न, मिस म्सिस्का. दर तासाला आपण तपासतो. दोन हंगाम. मग तपासणी चुकली कशी?”

काचालेसाहेबांचा हात टायकडे गेला. मला ते कपाट आठवलं, किल्लीसकट. खोटं बोलून जागा मिळाली तर माझ्या रजिस्टरलाही तसंच कुलूप लागलं असतं.

“तपासणी बरोबर होती, सर,” मी म्हणाले. “चहाच्या पाण्यात साखर अजिबात नव्हती. चारशे वेळा मी स्वतः पाहिलंय.”

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मी नळ, जोड आणि ती चिठ्ठी सांगितली. मालुंगांनी सांगितलं जोड त्यांचा. जेरेसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि काचालेसाहेबांकडे पाहिलं.

“आणि चहा कसा होता?”

“चांगला होता, सर,” काचालेसाहेब म्हणाले.

मला जागा मिळाली. काचालेसाहेबांनी मला ‘अचूकपणा’मध्ये पूर्ण गुण दिले आणि ‘मिळूनमिसळून वागणं’मध्ये शून्य. दोन्ही बरोबरच होते. लिंबानी ब्लँटायरला एका बिअरच्या कारखान्यात लागला. तिथेही दारामागे फळा आहे म्हणतो. त्यानंच टांगला. बांदावे वजनकाट्यावरून लॅबमध्ये परत आले. त्यांच्या कोटाला आता खिसे नाहीत, स्वतःच शिवून टाकलेत. आणि दुसऱ्या भांड्याखाली नवा, खरा नमुन्याचा नळ बसवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘चहासाठी नाही.’

वाफेचा नमुना आता दर सोमवारी घ्यायचा, असा लेखी नियम झाला. गेल्या मे महिन्यात हंगाम सुरू झाला तेव्हा नवी ट्रेनी आली, थांदिवे नावाची, म्झुझूच्या विद्यापीठातली. पहिल्या सोमवारी मी तिला बाटली दिली.

“दोन नंबर बॉयलरची वाफ घेऊन ये. लिटरभर.”

ती जागची हलली नाही. गोड हसली.

“मॅडम, मला बांबो मालुंगांनी कालच सांगितलंय. कुणी वाफ आणायला पाठवलं तर जायचं नाही म्हणून.”

“हे खरं काम आहे.”

“असंच सरळ चेहऱ्यानं म्हणतील, हेही सांगितलंय.”

मी रजिस्टर उघडून दाखवलं. नियम झाल्यापासूनच्या सगळ्या सोमवारच्या नोंदी, सामूसकट, माझ्या सहीच्या. तिनं पानं चाळली आणि कौतुकानं मान हलवली.

“ते म्हणाले होते, रजिस्टरसुद्धा दाखवतील.”

मी बाटली उचलली आणि स्वतःच निघाले. बॉयलरघराच्या दारात मालुंगा उभे होते, हातात नमुन्याची चिठ्ठी घेऊन. सही आधीच केलेली होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.